काय दिवे लावलेस!

मास्तरांकडे कपडा शिवायला टाकला की तो वेळेवर मिळे, अंगावर चपखल बसे आणि वर एक टोमणा फुकट मिळे. गिऱ्हाइकांची त्याला ना नव्हती. उलट काही मंडळी तेवढ्यासाठीच गरज नसताना विजार शिवायला टाकत. एखादा सुटलेला गृहस्थ म्हणे, "कंबर चौतीसच धरा हं मास्तर." मास्तर त्याच्याभोवती फीत टाकून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता विचारत, "धरतो की. उरलेली घरी ठेवून येणार का?" कुणी नवा कोट घट्ट होतो म्हणून परत आणला तर, "कोट आहे तिथेच आहे, साहेब. तुम्ही पुढे गेलात." बाकावर बसलेले दोघे-तिघे फिदीफिदी हसत, गिऱ्हाईकही हसे, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं असे.

लोक याला मास्तरांचा खवचटपणा म्हणत, आणि म्हणताना कौतुकाने मान हलवत. खवचट हा शब्दच तसा आहे. तो उच्चारणारा नेहमी बाकावर बसलेला असतो. ज्याच्या कमरेभोवती फीत असते, त्याला कुणी विचारत नाही.

शिवाय गिऱ्हाईक कपडा घेऊन आपल्या घरी जातं. मास्तरांच्या घरच्यांना जायला दुसरं घर नव्हतं. दुकानाच्या वरच दोन खोल्या, मधे लाकडी जिना, आणि खाली दिवसभर चाललेली जीभ संध्याकाळी तोच जिना चढून वर येई. बायकोच्या हातून पेला पडला, "काय दिवे लावलेस!" थोरली वर्गात दुसरी आली, "काय दिवे लावलेस!" सात वर्षांच्या धाकटीने बाहुलीला झगा शिवून दाखवला, "काय दिवे लावलेस!" गिऱ्हाइकांसाठी मास्तर रोज ताजा माल काढत. घरच्यांसाठी हे एकच वाक्य, रोजच्या वापरातलं. चाळीस वर्षांत ते किती वेळा बोलले असतील याची गणती नाही.

बायको ऐकून गप्प राहायला शिकली, आणि सहा वर्षांपूर्वी कायमची गप्प झाली. थोरली उलट टोमणा मारायला शिकली. दुकानात पाऊल टाकायचं नाही हे तिने शाळेत असतानाच ठरवलं, शिकून एका ऑफिसात चिकटली आणि लग्नबिग्न न करता बापाजवळ राहिली. दोघं एकमेकांना टोचून बोलत आणि त्यालाच घर म्हणत. धाकटी मात्र यातलं काहीच शिकली नाही. तिला प्रत्येक वेळी लागायचं, आणि प्रत्येक वेळी नव्याने लागायचं.

मास्तरांना झटका आला तेव्हा ते कापडावर कात्री चालवत होते. उजवा हात मधेच थांबला, कात्री खाली पडली, आणि मागोमाग मास्तर पडले. दुकानात काज-बटणाचं काम करणारी मावशी वीस वर्षं त्यांच्यासमोर बसत होती. तिला पहिल्यांदा वाटलं, मास्तर काहीतरी गंमत करताहेत.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वाकून विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?"

मास्तरांनी नाव सांगायला तोंड उघडलं. तोंडातून खणखणीत आलं, "काय दिवे लावलेस!"

नर्स खुदकन हसली. डॉक्टरही हसले. "बरं, आज वार कोणता?"

"काय दिवे लावलेस!"

"हा हात उचलता येतोय का?"

"काय दिवे लावलेस!"

दाराबाहेर बसलेल्या थोरलीने हे ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. बाबा आहेत तसेच आहेत, तिला वाटलं. मग डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तिला समजावलं. उजवी बाजू गेली आहे. मेंदूतली शब्दांची जागाही गेली आहे. त्यांना ऐकलेलं समजतं, मनात काय बोलायचं तेही असतं, पण ते ओठांवर येत नाही. लिहिताही येणार नाही. अशा वेळी कधीकधी हजारदा वापरलेलं एखादं वाक्य तेवढं मागे उरतं. कुणाची प्रार्थना उरते, कुणाचं मुलाचं नाव उरतं.

"आणि यांचं हे उरलंय," थोरली म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहू लागले.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस मास्तरांना वाटत होतं, ही जिभेची खोडी आहे, बसेल ठिकाणावर. ते मनात अगदी नीट जुळवत, 'पाणी दे.' दोनच शब्द. ते दातांपर्यंत येत, आणि दात उघडले की बाहेर पडे, "काय दिवे लावलेस!" तेसुद्धा साधं सपाट नाही. सूर जुनाच, 'काय'वर तीच ओढ, शेवटी तोच हिसका. बायकोची आठवण येऊन डोळे भरले तरी तोंड तिला नावं ठेवत होतं. मानेचीही तीच गत. 'हो' म्हणून हलवायला जावी तर ती 'नाही' म्हणून हले. चहाला मान 'नाही' म्हणून हलली आणि थोरलीने कप उचलला की मास्तर डाव्या हाताने तो ओढून घेत. दोन आठवड्यांत थोरलीने मानेकडे बघणं सोडून दिलं.

काजवाली मावशी भेटायला आली. पलंगाजवळ स्टुलावर बसून म्हणाली, "मास्तर, दुकान नुसतं खायला उठतं हो. काहीतरी बोला की."

या बाईने वीस वर्षं आपले शब्द झेलले आणि एकदाही काम अर्ध्यावर टाकून गेली नाही, हे मास्तरांच्या मनात आलं. ते तिला सांगावं असंही आयुष्यात पहिल्यांदाच मनात आलं. "काय दिवे लावलेस!" ते म्हणाले.

मावशी हसता हसता रडायला लागली. "बघा! काही बदललं नाही. काही म्हणता काही नाही." आणि डोळे पुसत, आनंदाने जिना उतरून गेली.

थोरली सेवेत कसूर करत नव्हती, हे सांगायला हवं. अंग पुसायची, कपडे बदलायची, चमच्याने दूध पाजायची. पण तिची जीभ बापाची होती. "उघडा तोंड. की चमच्याचंही माप चुकलंय?" दूध हनुवटीवरून ओघळलं की, "व्वा, अस्तर बाहेर आलं." मास्तर तिच्याकडे बघत राहत. वाक्य चांगलं होतं. दुकानात त्यांनी ते स्वतःचं म्हणून खपवलं असतं. फक्त आता फीत त्यांच्या कमरेभोवती होती, आणि असं सगळं होऊनही माणसाला एवढं लागू शकतं याचं त्यांना नवल वाटत होतं.

एका संध्याकाळी थोरलीने फोन ठेवला आणि सांगितलं, "धाकटी येतेय. पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी. रजा नाही म्हणे त्याआधी. दुपारी येणार, संध्याकाळच्या बसने परत."

मास्तरांनी डोळे मिटले.

धाकटीचा हात म्हणजे काय हात होता! हे मास्तरांना ती अकरा वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं आणि त्यांनी ते कुणालाच, तिला तर नाहीच नाही, कधी सांगितलं नव्हतं. शाळा सुटली की ती दुकानात येई, आणि शाळा संपल्यावर दुकानातच बसली. मास्तरांनी कारागिरासारखंच वागवलं तिला. म्हणजे दुकानाचे जे नियम होते ते तिलाही होते.

नियम साधे होते. शिवून झालेला कपडा कारागिराने कॉलर उलटून मास्तरांपुढे धरायचा. मास्तर तो आतून-बाहेरून बघत आणि कॉलरच्या आत खडूने खूण करत. एक रेघ म्हणजे पास, कपडा इस्त्रीला. फुली म्हणजे उसव. फुली आली की वाद नाही, का म्हणून विचारायचं नाही. ज्याने शिवलं त्यानेच तिथे बसून सगळा कपडा उसवायचा आणि उसवता उसवता आपली चूक आपण शोधायची. खूण करून झाली की मास्तर खडू न बघताच हातातून सोडून देत. तो चपटा, पातळ खडू फरशीवर पडला तर तुकडे होत, म्हणून समोर जो असेल त्याने तो झेलायचा. नाही झेलला तर पुढचे दोन दिवस त्याची खैर नसे. दुकानातल्या सगळ्यांचे हात त्याला सरावले होते. धाकटी तर टेबलाला नाक लागत होतं तेव्हापासून झेलत होती.

बावीस वर्षांची असताना तिने बापासाठी कोट शिवला. राखाडी लोकरी कापडाचा. माप घेतलं नाही, नुसतं नजरेने बघून कापला, आणि शनिवारी, दुकान भरलेलं असताना, पुढे आणून धरला. मास्तरांनी तो अंगात घातला, आरशासमोर खांदे हलवले, हात वर केले, वाकले. मग काढून आतून पाहिला. बाह्यांचे मुंढे पाहिले, अस्तर पाहिलं, कॉलरचं वळण पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. चूक सापडेना. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. स्वतःच्या कामातही त्यांना चूक सापडायची. आधी अभिमानाने छाती भरून आली आणि लगेच तिथेच कुठेतरी खड्डा पडला. आता हिला शिकवायला आपल्याकडे काही उरलं नाही. बाकावरची मंडळी माना उंचावून वाट बघत होती, मास्तर आता काय म्हणतात.

धाकटीने कॉलर उलटून धरली होती. "रेघ मारा ना, बाबा."

मास्तरांनी खडू खिशात टाकला. "ठेव नीट," ते म्हणाले. "मेल्यावर घाला मला. तेव्हा फिटिंग कुणी बघत नाही."

असा हशा पिकला की एक जण बाकावरून पडायचाच राहिला. धाकटी हसली नाही, रडलीही नाही. उलटलेली कॉलर तशीच धरून ती थोडा वेळ उभी राहिली, जणू खूण अजून यायची आहे. आठवड्याभरात ती दुसऱ्या शहरातल्या गणवेशाच्या कारखान्यात नोकरीला निघून गेली.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मधे मास्तरांना संधी मिळाली नाही असं नाही. आई गेली तेव्हा ती आली. मास्तर दारातच उभे होते, तिला जवळ घ्यावं म्हणून दोन पावलं पुढेही झाले, आणि तोंडातून गेलं, "सापडलं का घर?" ती त्याच संध्याकाळी परत गेली. एकदा त्यांनी स्वतः फोन केला. तिचा आवाज ऐकला आणि ते म्हणाले, "जिवंत आहेस होय!" पलीकडे फोन ठेवला गेला. तेव्हा जीभ शाबूत होती, हजारो शब्द हाताशी होते, आणि त्यांतून त्यांनी हे निवडले होते. आता त्यांना मनापासून वाटत होतं की शब्द गेले ते एका परीने बरंच झालं. शब्दांनी आजवर कुठे काही चांगलं केलं होतं? पण खूण होती. एक रेघ. कॉलरच्या आत, एक रेघ. एवढीच तिने मागितली होती.

कोट कपाटात होता. मलमलीत गुंडाळलेला. दर वर्षी मास्तर तो स्वतः काढून वाऱ्यावर टाकत आणि कुणी बघायच्या आत परत ठेवत.

खडू त्यांच्या बंडीच्या खिशात होता आणि बंडी खुंटीवर. मास्तर तिच्याकडे बोट दाखवत राहिले तेव्हा थोरलीला वाटलं थंडी वाजतेय, आणि तिने ती अंगावर टाकली. झालं काम. पलंग भिंतीला लागून होता आणि धड असलेली डावी बाजू भिंतीकडे. थोरली ऑफिसला गेली की मास्तर उशी सरकवून भिंतीवर रेघ मारायला बसत.

पहिल्या दिवशी जे उमटलं त्याला रेघ म्हणणं म्हणजे विनोदच. चार दिवसांनी ती निदान एका दिशेने जाऊ लागली. मग दुसरीच अडचण निघाली. रेघ संपता संपता हात आपोआप झटका देऊन मागे यायचा आणि पहिल्या रेघेला आडवा छेद जायचा. फुली. पुसायची आणि पुन्हा. ज्या माणसाने चाळीस वर्षं डोळे मिटून कापडावर रेषा ओढल्या, तो एका बोटभर रेघेसाठी घामाघूम होत होता. दहाव्या दिवशी उपाय सापडला. रेघ शेवटाला आली की खडू सोडून द्यायचा. हात खुशाल मागे येऊ दे, हातात काही नसेल तर उमटणार काय? खडू गादीवर पडे. भिंतीवर एक रेघ राही. एक, दोन, पंधरा, चाळीस. फुल्या त्यांनी सगळ्या पुसल्या. रेघा तेवढ्या ठेवल्या.

हे थोरलीला कळू द्यायला काय हरकत होती? मावशीला बोलावून दाखवता आलं असतं. ती दुकानातली, तिने एका नजरेत ओळखलं असतं. पण पावलं वाजली की मास्तर घाईने उशी वर ओढत. आपली वाकडी रेघ कुणी बघेल आणि बघून काहीतरी बोलेल, याची त्यांना भीती वाटत होती. कुणी काय बोललं असतं, तेही त्यांना शब्दशः ऐकू येत होतं.

रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि धाकटी दारात उभी राहिली. कानशिलांवर केस पांढरे झाले होते. आलीस बाळ, मास्तरांच्या मनात आलं.

"काय दिवे लावलेस!"

ती दारातच थबकली. थोरली मागून म्हणाली, "मनावर घेऊ नकोस. मी दिवसातून चाळीस वेळा ऐकते. आणि मानेकडेही बघू नकोस, उलटसुलट हलते ती."

"सांगितलंस ना फोनवर," धाकटी म्हणाली. तिने पिशवी ठेवली, खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली. "एवढंच उरलं म्हणे. बरोबर तेच उरलं."

थोरली चहा टाकायला आत गेली. धाकटीने बापाचा मेलेला उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करत राहिली.

"मी बरी आहे, बाबा," ती म्हणाली. "कारखान्यात खिसे लावते. नुसते खिसे. दिवसाला दोनशे. तिथल्या सुपरवायझर बाई म्हणतात, तू अख्खा कपडा का करत नाहीस, हात चांगला आहे. मी म्हणते, जमत नाही मला."

जमत नाही? मास्तरांना ओरडावंसं वाटलं. ते ओरडलेही. जे ओरडले ते ऐकून तिने हात हळूच खाली ठेवला.

मास्तरांनी डाव्या हाताने कपाट दाखवलं. तिने एकेक वस्तू वर धरून दाखवली. चादर? शाल? आईचा फोटो? मग मलमलीतलं गाठोडं हाती आलं, तिने ते सोडलं, आणि तिचा चेहरा उतरला. तोवर थोरली चहा घेऊन आली होती. तिने कोट पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, आज तरी! आज तरी नको होतं हो." चहा स्टुलावर ठेवून ती रागाने परत आत गेली.

"असू दे ताई," धाकटी म्हणाली. मग बापाला म्हणाली, "आहे माझ्या लक्षात. मेल्यावर घालायचा. फिटिंग कुणी बघत नाही. घालू आम्ही."

मास्तरांची मान जोरजोरात हलली, पण त्या मानेचं आता कोण ऐकणार? त्यांनी उशीखाली हात घातला आणि खडू बाहेर काढला.

धाकटीची नजर खडूवर खिळली. मग खुर्चीवरून उतरून पलंगाशी गुडघ्यांवर बसली, कोटाची कॉलर उलटली, आतली बाजू तळहातावर ताणून त्यांच्यापुढे धरली. तेहतीस वर्षांची बाई, पण आवाज बावीसचा होता. "मारताय? बाबा, खरंच मारताय?"

मास्तरांनी खडू टेकवला. राखाडी कापडावर रेघ निघाली. सावकाश, घट्ट, सरळ. भिंतीवरच्या चाळीसांतली एकही इतकी चांगली आली नव्हती. ती शेवटाला आली आणि मास्तरांनी, शिकल्याप्रमाणे, बोटं सैल केली.

धाकटीचा हात आपसूक वर आला. विचार करायला वेळच नव्हता आणि विचार करण्यासारखं काही नव्हतंही. मास्तरांच्या हातातून खडू सुटतोय म्हटल्यावर तो हात यायचाच. तिने त्यांची बोटं खडूसकट आपल्या मुठीत झेलली. त्याच क्षणी हाताने नेहमीसारखा मागे झटका दिला, आणि खडू पहिल्या रेघेवरून आडवा ओढला गेला.

दोघंही कॉलरकडे बघत राहिले. पांढरीस्वच्छ फुली.

मास्तरांच्या तोंडून आवाज फुटला आणि तो तेच वाक्य होऊन बाहेर आला. एकदा, दोनदा, पुन्हा. धाकटीने मूठ सोडली. तिच्या चेहऱ्यावर मास्तरांना राग दिसला नाही, दुःखही नाही. दिसली ती सुटका.

"म्हणजे होती चूक," ती म्हणाली. "मला वाटायचंच. अकरा वर्षं, बाबा, डोळे मिटले की मी हा कोट उलटा करून बघते. कुठे चुकलं ते सापडत नाही. निदान सांगितलंत तरी." तिने पिशवीतून ब्लेड काढलं. "बसला वेळ आहे अजून. उसवते."

तिने कोट पलंगावर पसरला आणि डाव्या बाहीपासून सुरुवात केली. मास्तरांनी हात पुढे करून बाही पकडली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून आपल्याकडे ओढली. धाकटीने वर पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच हसली ती.

"धरताय? धरा, धरा."

दुकानात उसवताना नेहमी दुसऱ्याने कापड ताणून धरायचं असे. ताणलेली शिवण ब्लेडला सहज येते. मास्तर जसजसे ओढत होते तसतशी टीप उघडत होती आणि टाके टकटक तुटत होते. हे लक्षात आल्यावर त्यांनी बाही सोडली. पण तोवर ती निघालेली होती.

मग उजवी बाही. मग कॉलर. मग अस्तर. धाकटी प्रत्येक शिवण उजेडाकडे धरून बघायची, बोट फिरवायची, पुढच्या शिवणीकडे वळायची. तासाभरात कोटाची दहा-बारा कापडं झाली. तिने ती पलंगावर ओळीने मांडली, कापताना असतात तशी, आणि शेवटी हात टेकले.

"नाही सापडत हो," ती म्हणाली. "सगळ्या टिपा सरळ दिसताहेत मला. कुठे होतं? एकदा बोट ठेवून दाखवा फक्त."

कुठेच नव्हतं. कुठेच नव्हतं, बाळ. मास्तरांनी हात उचलला, पण बोट कुठे ठेवायचं? जिथे ठेवतील तिथे ती चूक मानणार होती. हात कापडांवरून फिरला आणि कुठेच न टेकता खाली आला.

"काय दिवे लावलेस!"

"हो," धाकटी म्हणाली. तिने कापडं गोळा केली, सुतळीने बांधली आणि पायथ्याशी ठेवली. त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "येते मी." जिन्यावर तिची पावलं उतरत गेली, मग रस्त्यावर ऐकू आली, मग नाही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने केर काढायला पलंग भिंतीपासून ओढला. ओढला आणि तशीच उभी राहिली. भिंतीवर उशीच्या उंचीला खडूच्या रेघा होत्या. सुरुवातीच्या वाकड्यातिकड्या, किड्यासारख्या. मग सरळ, आणखी सरळ. ओळीने चाळीस-पन्नास, सगळ्या सुट्या.

मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अजून वेळ गेलेली नव्हती. फोन होता. दुकानात कधी पाऊल न टाकलेल्या या मुलीला फक्त एवढंच सुचायला हवं होतं की बहिणीला फोन करावा आणि सांगावं, बाबांनी भिंतीवर रेघा मारल्यात, नुसत्या रेघा. बाकीचं धाकटीला कळलं असतं. बघ. नीट बघ. मास्तरांनी सगळा जीव जिभेत आणला.

"काय दिवे लावलेस!"

"मी?" थोरली म्हणाली. "मी काय दिवे लावले? भिंत तर तुम्ही खराब केलीत." तिने बादली पुढे ओढली आणि ओलं फडकं पहिल्या रेघेवर ठेवलं.